यजमान कोण?

[दृश्य: रात्र. हॉलिवूड हिल्समधला वळणावळणांचा रस्ता, कडेला गाड्यांची रांग.]

लॉस एंजेलिसच्या या टेकड्यांवरचे रस्ते इतके चिंचोळे, की पाहुण्यांच्या गाड्या वेड्यावाकड्या लागल्या तर आगीचा बंब वर पोचणं कठीण. उतारावर वाळलेली झुडपं. वरच्या बंगल्यात पहाटेपर्यंत गाणी, दारू, हाणामाऱ्या. झोपेचं खोबरं होतंच. पण शेजाऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो कोणीतरी भिरकावलेल्या सिगारेटच्या थोटकाने.

तक्रार केली की पोलीस येत, समज देत आणि जात. जाब विचारायचा कोणाला? बंगला एकाचा, भाड्याने घेतलेला दुसऱ्याने, आणि आत नाचणाऱ्यांना या दोघांची नावंही माहीत नसत.

2018 मध्ये शहराने यावर कायदा केला. नगरसेवक डेव्हिड रियू यांनी तो लावून धरला होता. पार्टीचा उपद्रव झाला तर पार्टी देणारा जबाबदार आणि घरमालकही, मग तो त्या रात्री तिथे नसला तरी. पहिला दंड 100 डॉलर, वारंवार घडलं तर चढत चढत 8,000 डॉलर. शिवाय 30 दिवस घराबाहेर नोटीस.

दंडाची सुरुवात मला फारच मवाळ वाटते. एका रात्रीचे हजारो डॉलर घेणारा मालक शंभर डॉलर सहज भाड्यातून वसूल करतो. नोटीस मात्र झोंबते. ती शेजारी वाचतात, पुढचं गिऱ्हाईकही वाचतं.

[दृश्य: मलहॉलंड ड्राइव्ह, लॉस एंजेलिसच्या टेकड्यांवरचाच रस्ता. दिवसा.]

ऑगस्ट 2020. कोरोनामुळे जमावाला बंदी असताना इथल्या एका बंगल्यात मोठी पार्टी झाली. मध्यरात्रीनंतर गोळीबार होऊन एक महिला मरण पावली. लगेच महापौर एरिक गार्सेटी यांनी अशा घरांची वीज आणि पाणी तोडायला परवानगी दिली. त्याच महिन्यात टिकटॉकवरच्या प्रसिद्ध तरुणांनी भाड्याने घेतलेल्या घरावर तशी कारवाई झालीसुद्धा. ती मला रास्त वाटते, कारण अंधारात, नळ कोरडे असताना पार्टी चालत नाही.

[दृश्य: ओरिंडा. झाडीत लपलेली शांत घरं.]

याच कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ओरिंडा गावाने आणखी मुळाशी हात घातला. 31 ऑक्टोबर 2019, हॅलोविनची रात्र. एअरबीएनबी या थोड्या दिवसांसाठी घरं भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घेतलेल्या घरात शंभराहून अधिक माणसं जमली. मालकाने पार्टीला मनाई केली होती, पण ती पाळली जाते का हे बघायला जागेवर कोणीच नव्हतं. गोळीबारात 5 जणांचा जीव गेला. कंपनीने दोनच दिवसांत ‘पार्टी हाऊस’वर बंदी जाहीर केली. ओरिंडाच्या नगर परिषदेने त्यापुढे जाऊन 2020 मध्ये ठरवलं: थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायचं असेल, तर देणाऱ्याने स्वतः तिथे राहिलं पाहिजे.