गोगलगाय आत गेली

नमस्कार श्रोतेहो.

आज तुम्हाला तीन तीन ओळींच्या कविता ऐकवणार आहे. प्राण्यांच्या, आणि लहान मुलांसाठीच्या. कविता इतक्या छोट्या की तुम्ही कूस बदलेपर्यंत संपतील, म्हणून प्रत्येक मी दोनदा म्हणणार. ही पहिली.

मुंगीला मुंगी
भेटली, काहीतरी
सांगून गेली.

पुन्हा ऐका. मुंगीला मुंगी... भेटली, काहीतरी... सांगून गेली.

झाली कविता. मुंगी किती कष्टाळू आहे, हे यात नाही. मुंगीसारखे व्हा, हेही नाही. रांगेतल्या दोन मुंग्या समोरासमोर आल्या की क्षणभर थांबतात, डोक्यावरच्या मिशा एकमेकींना लावतात आणि आपापल्या वाटेला लागतात. त्या मिशांनी त्या एकमेकींचा वास घेतात, आपल्या वारुळातली कोण आणि परकी कोण ते ओळखतात. चार वर्षांच्या मुलानं हे उकिडवं बसून कितीदा तरी पाहिलेलं असतं. कविता त्याला एवढंच म्हणते, तू पाहिलंस ना, मीही पाहिलं.

या प्रकाराला हायकू म्हणतात. मूळ जपानी. तीन ओळी, पहिलीत पाच ध्वनी, दुसरीत सात, तिसरीत पुन्हा पाच. पाच, सात, पाच. एका मोठ्या साखळीकवितेची ही सुरुवातीची कडी होती, ती हळूहळू सुटी झाली. हायकू हे नाव रुळलं ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, मासाओका शिकी या कवीमुळे. आपल्या मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी. मराठी हायकूत पाच-सात-पाचाचा आग्रह फारसा राहिला नाही. तीन ओळी राहिल्या, पुष्कळदा दोन ओळींचं यमक जुळलं, आणि एक क्षण राहिला. तो क्षण महत्त्वाचा. तीन ओळी आणि एक क्षण, एवढं लक्षात राहिलं तरी आजच्यापुरतं पुरे.

प्राण्यांचं आणि हायकूचं नातं फार जुनं. जपानी परंपरेत कवितेत ऋतू सांगणारा एक शब्द असावा लागतो, आणि पुष्कळदा प्राण्याचं नावच ते काम करतं. बेडूक म्हटलं की वसंत. गोगलगाय म्हटली की उन्हाळा. चतुर म्हटला की शरद. प्राण्याचं नाव घेतलं की भोवतालची हवा आपोआप आली. बाशो या जपानी कवीची तळ्यात उडी मारणाऱ्या बेडकाची कविता १६८६ सालची, सव्वातीनशे वर्षं उलटून गेली, अजून लोकांच्या तोंडी आहे. पण लहान मुलांच्या अंगानं पाहिलं तर मला इस्सा हा दुसरा जपानी कवी जवळचा वाटतो. त्याचा जन्म १७६३चा. तिसऱ्या वर्षी आई गेली. या माणसानं वीस हजारांवर हायकू लिहिले, आणि त्यांत माश्या, पिसवा, काजवे, बेडूक, चिमण्या, गोगलगायी अशी सगळी बारकी मंडळी भरलेली आहे. त्यांच्याशी तो बोलतो ते बरोबरीच्या नात्यानं. मुलंही तसंच बोलतात. मोठी झाल्यावर त्यांची ती सवय जाते, आणि ती आपणच घालवतो असं माझं स्पष्ट मत आहे. लहानांच्या पुस्तकांत सशाला सदरा घालतात, अस्वलाला टोपी घालतात, सगळ्यांना हसरे चेहरे देतात. सशाचं नाक सतत कसं थरथरतं ते एकदा मुलाला दाखवा. त्यानंतर सदऱ्याची गरजच पडत नाही.

आता एक प्रसंग सांगते. आज बोलायला आले ती खरं तर एवढ्यासाठीच.

काही वर्षांपूर्वी मी एका शाळेत दुसरीच्या वर्गावर हायकू शिकवायला गेले होते. पावसाळी दिवस होता. मी सगळी तयारी करून गेले होते. फळ्यावर चौकोन काढले. वर पाच, मधे सात, खाली पाच. एका चौकोनात एक अक्षर, जोडाक्षर असलं तरी ते एकच धरायचं. म्हटलं, आवडता प्राणी घ्या आणि चौकोन भरा.

मुलं तुटून पडली. बोटं मोजायला लागली. ताई, हत्तीची अक्षरं दोन की तीन? ताई, एक चौकोन उरलाय, च घालू का? वर्गात नुसती गडबड, आणि मी खूष. अर्ध्या तासानं वह्या पाहिल्या. चौकोन सगळ्यांचे भरलेले. वाघ शूर होता, ससा पांढरा होता, हत्ती मोठा होता. इतक्या वह्यांमधून एकही प्राणी हलत नव्हता. मुलांनी प्राणी पाहिलेच नव्हते, त्यांनी चौकोन पाहिले होते. कारण मी त्यांना चौकोनच दाखवले होते.

एक वही कोरी होती. खिडकीशी बसलेल्या एका मुलाची. तो असाच बसतो, त्याच्याकडे लक्ष देऊ नका, असं मला कुणीतरी हळूच सांगितलं. मी त्याच्या बाकावर जाऊन बसले. तो बाहेर बघत होता. गजांपलीकडे, खिडकीच्या ओल्या कठड्यावर, एक गोगलगाय होती.

मग मीही बघायला लागले. तिला चार शिंगं होती. दोन लांब, दोन आखूड. लांब शिंगांच्या टोकावर काळा ठिपका, तो तिचा डोळा. मागे चकाकणारी ओली रेघ. मुलानं गजातून बोट बाहेर काढलं आणि लांब शिंगाला अगदी हलकेच लावलं. आणि ते शिंग, श्रोतेहो, पायमोजा उलटा ओढावा ना, तसं टोकापासून आतल्या आत गेलं. मग दुसरं गेलं. मग डोकं, मग सगळी गोगलगाय. कठड्यावर नुसता शंख उरला.

मुलानं बोट मागे घेतलं. दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसला. हात आपोआप पुढे जाऊ नयेत म्हणून! सात वर्षांचं पोर. मी काही बोलले नाही. वर्गात गोंगाट चाललेला, पाऊस थेंबाथेंबानं पडतोय, आणि आम्ही दोघं एका बंद शंखाकडे बघत बसलेलो. बराच वेळ गेला. मग शंखाच्या कडेला ओलसर काहीतरी हललं. आखूड शिंगं आली. मग लांब शिंगं उलगडत उलगडत आली, आणि सगळ्यांत शेवटी टोकावर ते दोन काळे ठिपके. मुलानं श्वास सोडला. आणि माझ्याकडे न बघता म्हणाला,

गोगलगाय आत गेली.
मी दार नाही वाजवलं.
ती आपली आपण आली.

पुन्हा म्हणते. गोगलगाय आत गेली. मी दार नाही वाजवलं. ती आपली आपण आली.

मी त्याच्या कोऱ्या वहीत ते लिहून घेतलं. आणि मग मला मोह झाला. फळ्यावर चौकोन होते ना. पाच-सात-पाचात बसवू या म्हणून मी खाली लिहिलं, गोगलगाय, आत गेली बसली, आली बाहेर. अक्षरं बरोब्बर. पाच, सात, पाच. त्याला वाचून दाखवलं. त्यानं ऐकलं, वहीत वाकून पाहिलं आणि विचारलं, "ताई, पण मी दार नाही वाजवलं, ते कुठंय?"

ते कुठेच नव्हतं. मी काढून टाकलं होतं. मांडीखाली दाबलेले ते दोन हात मी कवितेतून काढून टाकले होते, आणि कविता होती ती त्या हातांचीच. मी माझ्या ओळींवर रेघ मारली.

रेघ मारली, खोडलं नाही. खोडरबर ही वस्तू लहान मुलांच्या कंपासपेटीत असूच नये असं मला वाटतं. मूल अर्धा वेळ कागद घासण्यात घालवतं, आणि आधी काय सुचलं होतं ते कायमचं जातं. रेघ मारली की खालचं वाचता येतं. पुष्कळदा खालचंच चांगलं असतं. माझ्या मुलांच्या पेट्यांतून मी खोडरबर काढून ठेवले होते. असो, हायकूकडे येते.

त्या रात्री घरी मी सहज बोटांवर त्या मुलाच्या ओळी मोजल्या. गो-ग-ल-गा-य-आ-त-गे-ली, नऊ. दुसरी ओळ, नऊ. तिसरी, नऊ. कुणी शिकवलं नव्हतं, त्यानं मोजलंही नव्हतं. बघताना त्याचा श्वास जसा चालला होता तशी ओळ पडली होती. तेव्हापासून मी मुलांना आकडा सांगत नाही. आधी बघणं, मग बोलणं, मग लिहिणं. मोजणं सगळ्यांत शेवटी, आणि तेही मुलाला गंमत वाटली तरच. आधी बघणं. हे मी पुन्हा सांगते, कारण आपण मोठी माणसं नेमकं उलटं करतो.

घरी करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. एक प्राणी आणि पाच मिनिटं. वाघ-सिंह नकोत, समोर दिसतो तोच प्राणी घ्या. मुलाला विचारा, तो आत्ता काय करतोय? कसा आहे असं विचारलंत की छान, गोड, मोठा अशी उत्तरं येतात. काय करतोय विचारलंत की क्रियापद येतं, आणि क्रियापद आलं की कविता सुरू झाली. एकदा एका मुलीला मी असंच कावळ्याबद्दल विचारलं. कावळ्याचे डोळे दोन बाजूंना असतात, त्यामुळे एखादी वस्तू नीट निरखायची तर तो मान तिरपी करतो, इकडून बघतो, तिकडून बघतो. ती मुलगी म्हणाली,

कावळा बघे
आधी या डोळ्याने नि
मग त्या डोळ्याने.

कावळा बघे... आधी या डोळ्याने नि... मग त्या डोळ्याने. शेवटच्या ओळीत एक अक्षर जास्त आहे. असू द्या. त्या सहाव्या अक्षरात कावळ्याची मान वळते.

मूल बोलेल ते लगेच, जसंच्या तसं लिहून घ्या. व्याकरण सुधारू नका. आणि एक हात जोडून विनंती, पाहुणे आले की "ती कविता म्हणून दाखव" असं करू नका. मूल ती कविता पुन्हा कधी स्वतःशी म्हणणार नाही.

खारीची एक, माझी.

खार थांबली
शेपूट थांबेना की
फांदी हालते.

खार थांबली... शेपूट थांबेना की... फांदी हालते.

आणि हो, गोगलगायीचं राहिलं. शाळा सुटली, मी फाटकाशी आले, तर तो मुलगा दप्तर सावरत धावत माझ्यामागे आला. "ताई, ती पार चौकटीच्या वर पोचली!"

मी विचारलं, "मग आता काय करतेय?"

"झोपलीय," तो म्हणाला. "दार लावून."

नमस्कार.