वजाचं चिन्ह कुणाचं?

मंडळी, १ ते ९ हे अंक ओळीने मांडायचे, हवे तिथे शेजारचे अंक जोडून संख्या करायची, मध्ये फक्त अधिक-वजा घालायचे आणि उत्तर १०० आणायचं. हे कोडं फोडून दाखवायचं असं ठरलं आहे, आणि ते होईलच. पण आधी एक गोष्ट पक्की करू. वजाचं चिन्ह त्याच्या उजवीकडच्या संख्येचं असतं. संख्या हलली की चिन्हही तिच्याबरोबर हलतं.

फळ्यावर लिहितो : १० − ३ + २. किती? ‘पाच’ असा आवाज आला. आला तर आला, लाजायचं कारण नाही. ‘कंचेभागुबेव’ (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ केलंत ना! त्यात ‘बे’ आधी आणि ‘व’ नंतर. म्हणून तुम्ही ३ आणि २ मिळवले आणि ते पाच दहातून काढले. त्या एका शब्दाने घोळ केला, आणि माझा राग त्या शब्दावर आहे. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर उभ्या आहेत, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचं. भागाकार-गुणाकाराचंही तेच. तरीही ‘बेरीज आधी’ करायचीच असेल तर करा, पण चिन्हं सांभाळून : अधिक दहा आणि अधिक दोन मिळून बारा, त्यातून तीन गेले, नऊ. किंवा −३ + २ + १० असं मांडा, तरी नऊच. तीन कुठेही बसला तरी तो वजा तीनच आहे.

−३² मध्येही हीच मेख आहे. गणिताच्या रिवाजाप्रमाणे आधी वर्ग, मग वजा, म्हणून −९. एक्सेलमध्ये हेच टाइप करा, ९ येतं, कारण तिथे वजा आधी तिनाला चिकटतं. कंस घातला की भांडण मिटतं.

जाता जाता, ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये धन-ऋणाचे नियम दिले, ऋण गुणिले ऋण धन हाही त्यांत आहे. भास्कराचार्यांच्या परंपरेत ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. बक्षाली हस्तलिखितात, म्हणजे गणिताच्या एका जुन्या भारतीय पोथीत, तर ऋण संख्येला जोडलेली खूण चक्क आजच्या अधिकासारखी दिसते! खूण कोणतीही असो, ती संख्येच्या अंगावर असे.

आणि चिन्हाच्या आकारावरचं ते कोडं : ५ + ५ + ५ = ५५०, एक रेघ ओढून खरं करा. इंग्रजी आकड्यांत लिहा, पहिल्या अधिकच्या वरच्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत तिरकी रेघ ओढा, चार होतो. ५४५ + ५. आपला ४ असा अधिकातून निघत नाही, म्हणून देवनागरीत हे कोडं अडतं.

वेळ संपत आली अशी खूण झाली आहे, तेव्हा शंभरचं भरभर सांगतो. १ ते ९ ची बेरीज ४५, नवाच्या पटीत. अंक जोडून संख्या केल्या तरी नवाने भागल्यावरची बाकी बदलत नाही. म्हणजे नुसत्या अधिकांनी येणारी बेरीज नवाच्या पटीतच राहणार, आणि १०० ला बाकी १ उरते. वजा लागणारच. एखाद्या संख्येचं चिन्ह पालटलं की एकूण तिच्या दुपटीने घटतं. बाकी १ उरायची तर वजा झालेल्या अंकांची बेरीज ४, १३, २२ किंवा ३१ हवी (४० नेही बाकी जमते, पण मग अधिकात पाचच उरतात, शंभर होत नाहीत).

सगळ्यांत सोपं, फक्त ४ वजा. मग उरलेल्यांनी १०४ द्यायचे. ते सुटे मिळवले तर ४१, कमी पडतात ६३. एखादा अंक एककातून दशकात गेला की तो स्वतःच्या नऊपट वाढतो. ६३ म्हणजे नऊ गुणिले सात, म्हणून दशकात गेलेल्या अंकांची बेरीज सात हवी : एकटा ७, किंवा १ व ६, किंवा २ व ५. (३ व ४ चालत नाहीत, ४ वजात गेलाय. १ शतकात नेला तर वाढ ६३ च्या पुढे जाते.)

१ + २ + ३ − ४ + ५ + ६ + ७८ + ९
१२ + ३ − ४ + ५ + ६७ + ८ + ९
१ + २३ − ४ + ५६ + ७ + ८ + ९

तीनच, चौथं शोधू नका. सुरुवातीलाच वजा चालत असेल तर १ आणि ३ वजा करून आणखी एक निघतं : −१ + २ − ३ + ४ + ५ + ६ + ७८ + ९. पहिलाच अंक वजा असू शकतो हे कुणाच्या ध्यानात येत नाही, म्हणून हे उत्तर निसटतं. सुरुवातीचा वजा सोडला तर १३ ची चार, २२ ची तीन, ३१ चं एक. सगळी मिळून अकरा. १२३ − ४५ − ६७ + ८९ हे २२ मधलं, तीनच चिन्हांत बसणारं. उरलेली सात याच वाटेने घरी काढा.