गालाच्या आतून फुप्फुसाची खबर

[दृश्य: काचपट्टीवर पुसला जाणारा छोटा ब्रश]

तोंड उघडा. गालाच्या आतून ब्रश फिरवला, काचपट्टीवर पुसला, पट्टी अल्कोहोलमध्ये बुडवली. झालं. सुई नाही, रक्त नाही. आणि शोध कसला चाललाय, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा!

गाल कुठे, फुप्फुस कुठे? पण चूल एका कोपऱ्यात असली तरी आढ्यापर्यंत सगळं घर काळवंडतंच ना. सिगारेटचा धूर फुप्फुसात उतरतो तो तोंडातूनच. गाठ एका जागी धरते, बिघाड मात्र वाटेवरच्या सगळ्या अस्तरात सुरू झालेला असतो. ही कल्पना १९५३ची, तोंडाच्या कर्करोगाच्या अभ्यासातून आलेली.

अडचण एवढीच, की हा बिघाड साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही. साधारण २०० नॅनोमीटरच्या खाली त्याची नजर पोचत नाही. पॅथॉलॉजिस्ट अशा पेशीपुढे ‘नॉर्मल’ लिहील, आणि त्याचं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

[दृश्य: पेशीवर पडणारा प्रकाश, एकेक रंग बदलत]

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात वादिम बॅकमन यांच्या गटानं वेगळी वाट धरली. पेशीवर प्रकाश टाकायचा आणि परत आलेला प्रकाश एकेका रंगात मोजायचा. पेशीच्या केंद्रकात जवळजवळ दोन मीटर डीएनए गुंडाळून ठेवलेला असतो. कुठे दाट, कुठे विरळ; मघाचा बिघाड ही घडीच विस्कटवतो. त्या दाटीप्रमाणे परतणारा प्रकाश रंगागणिक कमीजास्त होतो. यात बारीक रचनेचा फोटो मिळत नाही. ट्रंकेतले कपडे घडी घालून ठेवलेत की कोंबलेत, हे ट्रंक न उघडता कळावं, तसं हे.

एका पेशीवरून काही ठरत नाही. एकेका माणसाच्या पुष्कळ पेशी, त्यांचे ढीगभर आकडे; त्यांतून निवाडा करायला मशीन लर्निंग, म्हणजे उदाहरणं दाखवून शिकवलेला संगणक. २०२३ मध्ये दोन केंद्रांतल्या १७९ जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्यातला रुग्ण आणि निरोगी माणूस अशी जोडी घेतली, तर पहिल्या केंद्रात शंभरातल्या ब्याण्णव जोड्यांत रुग्ण बरोबर ओळखला जाई. दुसऱ्या, परराज्यातल्या केंद्रात ब्याण्णवचे ब्याऐंशी झाले. मला हा दुसरा आकडा जास्त खरा वाटतो. क्लासमधली गणितं वेगळी, बोर्डाचा पेपर वेगळा.

[दृश्य: सीटी स्कॅनच्या यंत्रात सरकणारा पलंग]

सीटी स्कॅन आहेच की! अमेरिकेत ५३ हजारांवर लोकांच्या चाचणीत, छातीच्या एक्स-रेच्या तुलनेत, कमी मात्रेच्या सीटीनं फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटवले. पण स्कॅनमध्ये संशय आला अशा शंभरातल्या ९६ वेळा कर्करोग नव्हताच. तोवर घरच्यांची झोप मात्र उडालेली. म्हणून आधी गालाचा ब्रश, मग गरज पडली तर स्कॅन, असा विचार.

[दृश्य: तळहातावर मळली जाणारी तंबाखू]

आपल्याकडे आणखी एक गुंता. इथे तंबाखू-चुन्याची गोळी वर्षानुवर्षं त्याच गालात धरलेली असते. तिथली पेशी बिघडलेली दिसली, तर तो निरोप फुप्फुसाचा की गालाचाच? यंत्राला हे वेगळं शिकवावं लागेल.