कागदमा पानी शे

नमस्कार. माझं बालपण अमळनेर तालुक्यातलं, त्यामुळे धुळ्यात बोलताना जीभ आपोआप अहिराणीकडे वळते. सांभाळून घ्या.

अठ्ठावीस वर्षं मी एका सार्वजनिक वित्तसंस्थेत प्रकल्पांचं मूल्यमापन केलं. वीज, पाणी, रस्ते यांच्या फायली यायच्या. सरकारचा, म्हणजे शेवटी तुमचा-माझा पैसा त्यात घालावा का, आणि घातला तर तो परत कसा यावा, हे मी लिहून द्यायचो. आई शेजारणींना सांगायची, "बँकेत आहे, पण पैसे मोजत नाही." यापेक्षा नेमकं वर्णन मलाही कधी जमलं नाही.

आमच्या अहवालात शेवटाकडे एक रकाना असतो : परिचालन व दुरुस्ती, म्हणजे उभं राहिलेलं काम चालतं ठेवायचा खर्च. तिथवर पोचेपर्यंत सगळे दमलेले असतात. नोकरीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी तापीकाठच्या एका उपसा सिंचन योजनेची फाईल माझ्याकडे आली. नाव सांगत नाही. पंप, जलवाहिनी, ट्रान्सफॉर्मर, सगळ्याचे दर मी घासून तपासले. त्या रकान्यात मात्र एकच ओळ लिहिली : 'वीजबिल व दुरुस्तीचा खर्च पाणीपट्टीतून भागेल.' किती पाणीपट्टी, कोण गोळा करणार, पाऊस बरा झाला त्या वर्षी लोक पाणी घेतीलच का, काही विचारलं नाही. फाईल मंजूर झाली. साहेबांनी चहा पाजला.

बारा वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो, तेव्हा वाट वाकडी करून पंपहाऊस पाहिलं. दाराला कुलूप, पण मागची खिडकी उचकटलेली. ट्रान्सफॉर्मरमधलं तेल आणि तांब्याची तार कधीच गेलेली. मोठ्या पाइपाच्या सावलीत शेळ्या बांधलेल्या. जुना पंपचालक शेजारीच राहायचा. त्यानं घरातून नोंदवही आणली. शेवटच्या पानावर निळ्या शाईत लिहिलेलं : 'थकबाकीमुळे वीजपुरवठा बंद.' खाली रोजच्यासारखी त्याची सही. पुढची पानं कोरी. तेवढ्यात शेळ्यांचा मालक आला. मी कोण, हे कळल्यावर म्हणाला, "कागदमा पानी शे, भाऊ. वावरमा कव्हय येई?"

म्हणजे, पाणी कागदावर आहे, शेतात कधी येणार? माझ्या त्या एका ओळीला इतकं सोपं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

हे एकाच योजनेचं दुखणं नव्हतं. सारंगखेडा, प्रकाशा इथे तापीवर बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचे बंधारे, उभे राहिले, पाणी दिसायला लागलं. पण काठावरच्या सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षं बंद पडून होत्या. बॅरेज बांधायला निधी मिळतो, उद्घाटनाला पाहुणे मिळतात. दर महिन्याचं बिल भरायला कोण मिळतं?

आता धुळ्यातूनच वाहणारी पांझरा बघा. तिच्यावरची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. नदीवर एकाखाली एक बंधारे, त्यांतून निघणारे पाट, आणि भिजणाऱ्या जमिनीचे फड. कोणत्या फडात कोणतं पीक घ्यायचं, हे गाव मिळून ठरवायचं. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. त्यांचा मोबदला शेतकऱ्यांकडूनच. पाटातला गाळ सगळ्यांनी मिळून काढायचा. म्हणजे परिचालन व दुरुस्तीचा रकाना तिथे शेवटी नव्हता, पहिला होता.   फड पद्धतीचा भाबडा उदो-उदो मला करायचा नाही. पाटाच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याचे हाल तिथेही व्हायचे. पण बंद पाटाचा हिशोब गावाला रोज डोळ्यांसमोर दिसायचा.

विजेतही हाच घोळ होता. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या दिसतात. २०१२ पर्यंत पवनचक्कीच्या किमतीच्या ८० टक्के रक्कम घसारा, म्हणजे झीज म्हणून पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा दाखवता यायची. म्हणजे चक्की उभी केली की कर वाचला. ती फिरली किती, याच्याशी त्या सवलतीचा संबंध नव्हता. बुडालेला कर हीसुद्धा सार्वजनिक गुंतवणूकच असते, फक्त अंदाजपत्रकात ठळक दिसत नाही. २००९ मध्ये केंद्रानं दुसरी वाट काढली : प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटमागे ५० पैसे. मला ती जास्त पटते.

त्याच साक्रीत शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, जर्मनीच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेच्या कर्जातून झालेला. पॅनेलवर धूळ बसली की वीज घटते, धुवायला पाणी लागतं, आणि तालुका टंचाईचा साक्री! हसू नका, हा प्रश्नसुद्धा त्याच रकान्यातला.

शेतीपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पैसा युनिटवर मिळतो, करार २५ वर्षांचा. प्रकल्प बंद पडला तर विकासकाचं उत्पन्न बंद. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. कोरडवाहू जमीनवाल्याला हे वाईट नाही. पण युनिटचे पैसे महावितरण वेळेवर देईल का, ही काळजी आता कर्ज देणाऱ्यानं करायची. ओझं गेलेलं नाही, खांदा बदललाय.

आणि सुप्रमा. ऐकायला एखाद्या मुलीचं नाव वाटतं. खरं म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, वाढलेल्या खर्चाला पुन्हा दिलेली मंजुरी. आमच्या अमळनेरजवळ पाडळसरे इथला निम्न तापी प्रकल्प माझ्या नोकरीभर 'चालू' होता. २०२३ ची त्याची सुप्रमा ४,८९० कोटींवर गेली. उशीर झाला की भूसंपादनाचे दर वाढतात, सिमेंट वाढतं, व्याज तर झोपतच नाही. सुलवाडे-जामफळ योजनेत तापीचं पाणी उपसूनच न्यायचं आहे, म्हणून तिथे पहिल्या वर्षाचं नव्हे, सातव्या वर्षाचं वीजबिल कोण भरणार हे आत्ताच विचारा.

शेवटच्या काही वर्षांत प्रत्येक फाईलवर मी एक प्रश्न पेन्सिलीनं लिहायचो : पंपहाऊसची चावी कुणाकडे? तरुण अधिकाऱ्यांना वाटायचं, साहेब आता थकले. एकानं मात्र जागेवर जाऊन विचारलं आणि लिहून आणलं : चावी हरवली आहे. ती फाईल मी परत पाठवली. चहा कुणी पाजला नाही.

मागे एक हात कधीचा वर दिसतोय. बोला दादा.