धुतलेले हात किती वेळ स्वच्छ राहतात?

हात कसे धुवायचे, हे तुम्हा नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात शिकवलंय. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांची टोकं, मनगट. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तिथे कुणाचे मार्क जात नाहीत. त्यामुळे ते मी आज पुन्हा करून दाखवणार नाही. मला बोलायचंय ते हात 'कधी' धुवायचे यावर, कारण वॉर्डात गाडी घसरते ती तिथे.

डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस हे नाव तुम्ही वाचलेलं आहे. व्हिएन्नातला प्रसूतिविभाग, साल १८४७. शवविच्छेदन उरकून तसेच बाळंतिणींना तपासायला येणारे डॉक्टर आणि विद्यार्थी यांना त्याने क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा बायका दगावत होत्या, जूनमध्ये तो आकडा दोनच्या आसपास आला. गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपवतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओळीतल्या पहिल्या खाटेवर गर्भाशयाचा कर्करोग झालेली एक बाई होती, तिला स्राव होत होता. तपासणी तिच्यापासून सुरू व्हायची. वॉर्डात शिरताना हात क्लोरिनने धुतलेले असत, पण तिला तपासल्यावर पुढच्या खाटेकडे जाताना नुसतं साबण-पाणी. तिच्या बरोबरीने बाळंत झालेल्या १२ जणींपैकी ११ जणी गेल्या. हात धुवायचा नियम होता आणि तो पाळलाही जात होता. फक्त तो दाराशी पाळला जात होता, दोन खाटांच्या मधे नाही. त्यानंतर सेमेलवाइसने प्रत्येक तपासणीनंतर क्लोरिन सक्तीचं केलं.

आता आजच्या वॉर्डात या. सकाळचा अँटिबायोटिकचा डोस द्यायचाय. सिस्टरने हँडरब, म्हणजे हातावर चोळायचं अल्कोहोलचं द्रावण, घेतलं, नीट चोळलं, हातमोजे घातले. सगळं बरोबर. मग तिने पडदा ओढला. खाटेचा कठडा खाली केला. युरोबॅग (लघवीची पिशवी) जमिनीला टेकली होती, ती उचलून हुकला अडकवली. खिशातून पेन काढून वेळ लिहिली. आणि त्याच हातमोज्यांनी कॅन्युलाचं, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीचं, टोपण उघडून सिरिंज जोडली. तिला विचाराल तर ती म्हणेल, "मी हात धुतले होते." खरंच धुतले होते. पण सिरिंज जोडताना त्या मोज्यांवर पडदा होता, कठडा होता, युरोबॅग होती, पेन होतं. आणि आता वाट थेट शिरेत.

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितलेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी (जसं शिरेत औषध देण्याआधी), शरीरातल्या द्रवांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. तोंडपाठ असतीलच. माझ्या मते यातला दुसरा क्षण सगळ्यात जास्त चुकतो, कारण तो रुग्णाजवळ उभं असताना, कामाच्या ऐन मधे येतो. 'नंतर'चे क्षण माणूस फारसे विसरत नाही, तिथे स्वतःची भीती असते. 'आधी'चे क्षण दुसऱ्यासाठी असतात.

म्हणून कामाचा क्रम बदला. पडदा, कठडा, बॅग, केसपेपर ही कामं आधी उरका. ट्रेमध्ये सगळं मांडून घ्या. मग हात स्वच्छ करा, आणि त्यानंतर थेट कॅन्युलाच. पोर्ट, म्हणजे सिरिंज जोडायचं तोंड, अल्कोहोल स्वॅबने पंधरा सेकंद घासा आणि वाळू द्या. नुसता स्वॅब टेकवून उचलला तर काही उपयोग होत नाही. अल्कोहोल काम करतं ते घासताना आणि वाळताना.

हातमोज्यांबद्दल माझं मत थोडं कडवट आहे. मोजे घातले की आपण सुरक्षित, असं वाटायला लागतं, आणि त्याच मोज्यांनी फोन उचलला जातो, दाराची कडी उघडली जाते. मोज्यांना न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना हात हमखास लागतो, म्हणून काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. एकाच रुग्णाची जखम पुसून मग कॅथेटरला (लघवीच्या नळीला) हात लावायचा असेल, तरी जोडी बदलायची. मोज्यांवर सॅनिटायझर चोळून काम भागवायचं नाही.

हँडरबला २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याला ४० ते ६० सेकंद. हातावर रक्त किंवा घाण दिसत असेल तर साबण-पाणीच. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जिवाणूचे जुलाब असलेल्या रुग्णाकडेही तेच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

सुईचं थोडक्यात. टोपण परत लावायचं नाही, सुई कुणाच्या हातात द्यायची नाही, वापरली तिथेच डब्यात टाकायची. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका, आणि त्याच क्षणी सांगा. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी लागण्याची ६ ते ३० टक्के. म्हणजे ज्याची धास्ती कमी, त्याचा धोका जास्त. ज्यांचे या लशीचे तीन डोस पूर्ण नाहीत, त्यांनी ते वॉर्ड ड्युटी सुरू होण्याआधी पूर्ण करा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितकी लवकर तितकी चांगली, ७२ तासांनंतर उपयोग नाही. "ड्युटी संपल्यावर सांगते" असं करू नका.

रुग्णाची ओळख पटवताना "तुम्हीच ना सुनीताबाई?" असं विचारू नका. गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. "तुमचं पूर्ण नाव सांगा," असं म्हणा आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघा. खाट नंबर ही ओळख नाही, रात्रीत खाटा बदलतात. फोनवरची ऑर्डर लिहून घेतली की परत वाचून दाखवा, आणि आकडा सुटा करून म्हणा: "वन-फाइव्ह, फिफ्टीन."

मघाशी चिठ्ठी आलीय: 'सीनियर चुकत असतील तर आम्ही काय करायचं?' अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांतल्या कामाचा अहवाल २००६ मध्ये आला. मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाचच गोष्टी: हात धुणं, गाऊन-मास्कसह पूर्ण आच्छादन, त्वचेला क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक, जमेल तिथे जांघेतली शीर टाळणं आणि गरज संपताच नळी काढणं. नवीन यातलं काहीच नव्हतं. पण एखादी पायरी सुटली, तर तातडीची वेळ सोडून, ते काम थांबवण्याची मुभा नर्सना दिली होती. तीन महिन्यांत नळीमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गाचं मध्यक प्रमाण हजार नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी, तो एक नळी-दिवस) २.७ वरून शून्यावर आलं.

तुम्हाला अशी लेखी मुभा असेल किंवा नसेल. तरी "मॅडम, तुम्ही चुकलात" असं म्हणावं लागत नाही. "मॅडम, एक मिनिट, स्वॅब देते," म्हणा आणि हात पुढे करा. बहुतेक जणी घेतात. नाहीच घेतला, तर वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना त्याच दिवशी सांगा, काय घडलं तेवढंच, कुणाबद्दल मत न देता. आणि राउंडला रोज एक प्रश्न तुम्ही विचारा: "सर, या पेशंटचं कॅथेटर अजून लागणार आहे का?" पुष्कळदा उत्तर येतं, "अरे, अजून आहे का? काढून टाका."