वुडहाउस आणि बर्लिनचा माईक

१९४१ च्या जूनमध्ये बर्लिन रेडिओवर एक इंग्रज माणूस जर्मनांच्या कैदेतले किस्से सांगत होता, आणि तेही अगदी मजेमजेत. माणूस कोण, तर जीव्ज हा हुशार नोकर आणि बर्टी वूस्टर हा त्याचा बावळट मालक, या जोडीचा बाप, विनोदी लेखक पी. जी. वुडहाउस.

जन्म १८८१ चा, वडील हाँगकाँगला मॅजिस्ट्रेट, त्यामुळे पोरगं वाढलं इंग्लंडात, मावश्या-आत्यांकडे (पुस्तकांतल्या आत्या एवढ्या खतरनाक का, ते कळलं ना!). घरी पैसे कमी पडले, ऑक्सफर्ड हुकलं, मग बँकेत चिकटवलं, तिथं दोन वर्षं कशीबशी काढून १९०२ मध्ये नोकरीला रामराम. पुढे न्यूयॉर्क, ब्रॉडवेची गाणी, हॉलिवूडचा पगार, सगळं झालं. वाचताना वाटतं गडी बसला आणि लिहून मोकळा झाला, पण कसलं काय, एका कादंबरीच्या प्लॉटच्या नोट्सच शेकडो पानं व्हायच्या.

तर १९४० मध्ये हा बायकोसोबत फ्रान्सच्या ल तुके गावात. जर्मन जवळ आले तरी निघायला उशीर, त्यात गाडीनेही दगा दिला, आणि सापडला. एकेक करत छावण्या बदलल्या, शेवटची टोस्ट या गावातली (आता पोलंडमध्ये), तिथं आधी वेड्यांचं इस्पितळ होतं. तिथंही पठ्ठ्याने एक अख्खी कादंबरी लिहिली. सुटल्यावर अमेरिकन वाचकांसाठी पाच भाषणं केली, त्यात नाझींचा प्रचार वगैरे काही नाही, बरीचशी स्वतःचीच टिंगल, पण तिकडे लंडनवर बॉम्ब पडून माणसं मेलेली, त्यांना हे जोक कसे पचणार? बीबीसीवरून त्याला गद्दार ठरवलं, काही लायब्रऱ्यांनी पुस्तकंच काढून टाकली. मला विचाराल तर माईक कुणाचा आहे एवढं तरी साठीला टेकलेल्या माणसाला कळायला हवं होतं. लेखक जॉर्ज ऑरवेलने १९४५ मध्ये त्याची बाजू घेतली तीही साधारण अशीच, की हा मूर्खपणा झाला, देशद्रोह नाही.

१९४७ ला तो अमेरिकेला गेला, परत इंग्लंडात पाऊल ठेवलं नाही. लाँग आयलंडवर बसून लिहीत राहिला, ब्लँडिंग्ज वाड्यातले तेच लॉर्ड, तेच बटलर, लॉर्डची तीच लाडकी डुकरीण. १९७५ च्या १ जानेवारीला ब्रिटनने 'सर' केलं आणि फेब्रुवारीत, ९३ व्या वर्षी, गेला. हातातली ब्लँडिंग्जची कादंबरी १९७७ मध्ये अर्धवटच छापली, नोट्ससकट. आणि बर्लिनच्या त्या भाषणांची ब्रिटिशांनी केलेल्या चौकशीचा रिपोर्ट लोकांसमोर यायला १९८० उजाडलं.