फळ्यावरची तारीख

(गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत ‘गावाचा दिनविशेष’ या विषयावर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, कार्यवाह आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘गावाचा दिनविशेष’. त्यावर येतोच. पण त्याआधी दिनविशेषाबद्दल मनात बरंच साचलंय, ते ऐकून घ्या. फळा लिहिणाऱ्याला भाषणाला सहसा कुणी बोलावत नाही, तेव्हा आज सापडलात.

वाचनालयाच्या दारातला फळा तुम्ही रोज बघता. वर तारीख, तिथी, भारतीय सौर दिनांक, मध्ये जयंत्या-पुण्यतिथ्या आणि तळाला सुविचार. सुविचार कार्यवाह देतात, त्याच्या तक्रारी त्यांच्याकडे न्याव्यात. सौर दिनांक कशाला लिहिता, असं मला बरेचजण विचारतात. अहो, मेघनाद साहांच्या समितीनं घाम गाळून बसवलेली ती कालगणना आहे. २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र १८७९, या दिवसापासून देशानं ती स्वीकारली. सरकारी राजपत्रावर छापतात, आकाशवाणी सांगते आणि मी फळ्यावर लिहितो. चौथं कुणी वापरत असेल तर मला भेटा, चहा पाजतो.

या फळ्यावर सगळ्यात अवघड दिवस कुठला, सांगा बरं? १ ऑगस्ट. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यावर लोकमान्य गेले आणि तीच तारीख वाटेगावात अण्णाभाऊ साठे जन्मले म्हणून लावली जाते. नुसता दिवस-महिना नव्हे, सालसुद्धा तेच. म्हणून त्या दिवशी टेबलावर दोन तसबिरी, दोन हार. आता उजवीकडे कोण, हार आधी कुणाला, यावर आमच्या कार्यकारिणीत जेवढा वेळ गेलाय तेवढ्यात दोघांचं एकेक पुस्तक वाचून झालं असतं. शेवटी मी सुचवलं, एकाला पुण्यतिथीचं अभिवादन आणि एकाला जयंतीचं, ओळी शेजारी-शेजारी, अक्षर एकाच मापाचं. तेव्हापासून माप घेऊन लिहितो. हसू नका, खरंच पट्टी लावतो.

दुसरं दुखणं मोबाइलवर फिरणाऱ्या दिनविशेषाचं. २८ फेब्रुवारी म्हणजे रामन यांचा वाढदिवस, असं दर वर्षी येतं. रामन ७ नोव्हेंबरचे. २८ फेब्रुवारी १९२८ हा रामन परिणामाच्या शोधाचा दिवस, म्हणून तो विज्ञान दिन. २७ फेब्रुवारीला तर कहरच. कुसुमाग्रजांचा जन्मदिन म्हणून तो मराठी भाषा गौरव दिन. राजभाषा दिन तो नव्हे. राजभाषा अधिनियम १९६४ चा, अंमल १ मे १९६६ पासून, म्हणून राजभाषा दिन १ मे ला. एका कार्यालयाची निमंत्रणपत्रिका आली, वर ठळक ‘राजभाषा दिन, २७ फेब्रुवारी’. मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सर, बॅनर छापून झालाय.” यावर काय बोलणार?

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की तारीख आकाशातून पडत नाही. कुणीतरी, कुठंतरी बसून, काहीतरी अडचण सोडवण्यासाठी ती ठरवतं. आणि याचा सगळ्यात मोठा पुरावा या सभागृहातच बसलाय. ज्यांचा दाखल्यावरचा वाढदिवस १ जून, त्यांनी हात वर करा. बघा! मागचा अख्खा बाक.

मी नोकरीला लागलो तेव्हाची गोष्ट, कोयनाकाठची शाळा. पावसाची पहिली सर पडून गेलेली, वरांड्यात चिखलाची पावलं. एक बाई मुलाला घेऊन आल्या. हेडमास्तरांनी पोराला उभं केलं. “डोक्यावरून हात घे, पलीकडचा कान धर.” बोटं कानाच्या पाळीला टेकली, म्हणजे वय भरलं. ही आमची वैद्यकीय तपासणी! पोरगं हुशार होतं, मान तिरकी करून कानच बोटाजवळ आणला. हेडमास्तरांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मग बाईंना विचारलं, “जन्म कधीचा?” त्या म्हणाल्या, “भूकंप झाला तवा मला नुकतं दिवस गेलं हुतं. पुढच्या सालच्या नागपंचमीच्या आदल्या दिवशी झाला. वड्याला पाणी आलं हुतं, सुईण पलीकडं अडकली, सासूनंच नाळ कापली.”

आता बघा काय सांगितलं बाईंनी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. पुढची नागपंचमी, त्याच्या आदला दिवस. जुनं पंचांग काढलं की जुलै १९६८ चा शेवटचा आठवडा निघतो, अगदी दिवसासकट. वर पावसाची नोंद, साक्षीदार म्हणून सासू. याहून पक्का पुरावा कुठला हवा? हेडमास्तरांनी सगळं ऐकलं, मान डोलावली आणि जनरल रजिस्टरात लिहिलं, १ जून १९६८.

ते वाईट नव्हते. शाळा जूनला सुरू होणार, त्या वेळी वय पूर्ण दिसायला हवं, नाहीतर पोराचं वर्ष जातं. दोन महिने मोठा झाला, शाळेत बसला. नंतर मी ती रजिस्टरं चाळली. जन्मतारखेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत १-६, १-६, १-६. एका शाईत, एका हातानं. जणू सगळ्या पंचक्रोशीत बाळंतपणं एकाच दिवशी व्हायची.

आणि याचा हिशोब सरकारला चाळीस-पन्नास वर्षांनी चुकता करावा लागतो! नियम असा, की महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून ३१ मे आला की कचेरी-कचेरीत निरोपसमारंभ. शाल-श्रीफळवाल्यांना लग्नसराईपेक्षा तो दिवस बरा. एसटीचाही वाढदिवस १ जूनच बरं का. १९४८ साली त्या दिवशी पुण्याहून नगरला पहिली गाडी सुटली. फरक एवढाच, की एसटीची तारीख खरी आहे.

(चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं. बरं.)

मोठ्या इतिहासातही हेच. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, म्हणून ‘ऐन संक्रांतीला’ असं आपण बेधडक म्हणतो. पण संक्रांत साधारण बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढं सरकते. विवेकानंद १२ जानेवारी १८६३ ला जन्मले, तो संक्रांतीचा दिवस होता. मग त्याच्या शंभर वर्षं आधी संक्रांत १४ ला कशी असेल? पानिपताच्या आधी तीन-चार दिवस ती होऊन गेली होती. आणि रत्नागिरीकडं ज्यांच्या घरी टिळक पंचांग चालतं, त्यांचा तिळगूळ आजही १० जानेवारीला होतो, तुमच्या-माझ्या आधी.

महाराजांच्या जन्माची शासनमान्य तारीख १९ फेब्रुवारी १६३०. फाल्गुन वद्य तृतीया. पण ती तारीख जुन्या ज्युलियन हिशोबातली, आजच्या कॅलेंडरात बसवली तर १ मार्च. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तशीच, नव्या हिशोबानं १६ जून. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनंच कॅलेंडर धरलं, पोर्तुगीज त्याआधी पावणेदोनशे वर्षं नवीन वापरत होते. त्यामुळं एकच घटना मुंबईच्या इंग्रजी पत्रात एका तारखेची आणि गोव्याच्या पत्रात दहा दिवस पुढची. जयंती तिथीनं की तारखेनं, यावर भांडणारी दोन्हीकडची मंडळी माझी मित्र आहेत. मी दोन्ही दिवशी फळा लिहितो आणि दोन्ही दिवशी पेढा खातो.

(दुसरी चिठ्ठी. कार्यवाह, अक्षर सुधारा.)

आता मूळ विषय, घाईतच. रोज मी जगाच्या जयंत्या लिहितो, आणि आपल्या गावात नळाचं पाणी कधी आलं हे विचारलं तर तीन माणसं तीन सालं सांगतात. पूल कधी झाला? पहिली एसटी चौकात कधी वळली? मुलींतली पहिली मॅट्रिक कोण? हे सगळं कुठंतरी लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात, शाळेच्या शेरेबुकात, आपल्याच वाचनालयाच्या दाखलनोंद वहीत, पुलाच्या कोनशिलेवर, देवळाच्या पायरीवर कोरलेल्या देणगीदाराच्या नावाशेजारी. ते ओल लागून जायच्या आत उतरवून घ्यायचंय. माझा बेत असा, की पुढच्या पाडव्यापासून फळ्याचा खालचा अर्धा भाग गावाचा. सुविचाराची जागा जाईल, त्याबद्दल कार्यवाहांची माफी आत्ताच मागतो.

नोंदीत काय घडलं ते तर लिहायचंच, पण ते कुणी सांगितलं आणि कशावरून, हेही त्याच ओळीत. दोन तारखा निघाल्या तर दोन्ही लिहू, खोडायचं नाही. आणि म्हाताऱ्या बायकांना आधी विचारा, पुरुषांना मागाहून. पुरुष साल सांगतात, पण ते बहुतेक निवडणुकीचं असतं. बाया पाऊस, पीक, कुणाचं बाळंतपण, कुणाचं लग्न, असं चारी बाजूंनी बांधून सांगतात, आणि त्यातून दिवस काढता येतो. नववी-दहावीच्या मुलांना हे काम द्या, पंचांग बघायला मी शिकवतो, शनिवारी दुपारी, इथंच. माळ्यावर जुनी पंचांगं असतील तर रद्दीत घालू नका, मला आणून द्या.

दाराशी टेबलावर वही ठेवलीय. जाताना प्रत्येकानं एक तरी नोंद करायची. तारीख आठवत नसेल तर सण लिहा, पाऊस लिहा, पण मेहेरबानी करून १ जून लिहू नका. आणि पेन दोरीला बांधलंय ते तसंच राहू द्या, मागच्या सभेला दोरी राहिली आणि पेन गेलं.